गोंदण ठेवू का? : कॅमेरा, कसब आणि कर्ता

(दहिवली येथे एका छायाचित्र प्रदर्शनाच्या समारोपाला दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांचा फोन आला तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, फोटोग्राफीत आमचा अधिकार काय? त्यावर फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, फोटो काढणारे सगळे आहेतच. बघणारा माणूस हवाय." हे उत्तर आवडलं, म्हणून आलो.

आज दुपारीच येऊन भिंतीवरची चाळीसेक चित्रं दोनदा पाहिली. दुसऱ्या फेरीत मागून एक संवाद कानावर आला. आमच्याच वयाचे एक गृहस्थ एका तरुणाला म्हणत होते, "यात तुझं काय रे? सगळं त्या मोबाईलनंच केलंय. आमच्या वेळी एका रोलमध्ये बारा फोटो. बटण दाबायच्या आधी दहादा विचार करायचो." मुलगा नम्र होता, पण ऐकून घेणारा नव्हता. म्हणाला, "काका, तेव्हा तुमच्या हातात हा मोबाईल असता, तर तुम्ही बाजूला ठेवला असतात का?"

(हशा)

हसू नका, प्रश्न खरा आहे. आणि काकांचाही प्रश्न खोटा नाही. आजचं बोलणं या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेबद्दल आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला लोकल पकडायची असली तर चुकल्यासारखं वाटायला नको. कष्ट म्हणजे कसब नव्हे. यंत्रानं आपले कष्ट घेतले तर रडू नये. पण काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हा निर्णय यंत्र आपल्याला न विचारता घ्यायला लागलं, की हिशेब मांडायलाच हवा. कारण मग फोटो काढणाऱ्याचं कसब तर जातंच, फोटोची साक्षही जाते.

सुरुवात इथूनच करू. पूल ओलांडला की कर्जत स्टेशन, आणि पुण्याच्या दिशेनं पुढचं स्टेशन पळसदरी. बोरघाटाची रेल्वेची चढण तिथून सुरू होते. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६३ मध्ये घाट गाड्यांसाठी खुला झाला. पंधरा मैलांहून थोडी जास्त लांबी, १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे. १८५९ मध्ये पहिल्या कंत्राटदारानं काम सोडलं आणि ते सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे आलं. हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत तो वारला. मग त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, दोन अभियंते देखरेखीला नेमून ते कंत्राट तडीस नेलं. आणि आपल्या आजच्या विषयाची गोष्ट अशी, की या बाईंनी घाटाच्या कामाचे फोटोही काढले.

त्या वेळी फोटो काढणं म्हणजे काय होतं बघा. सर्रास चाले ती ओल्या काचेची पद्धत. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन रसायनांनी चित्र वर आणायचं. म्हणजे जिथे फोटो तिथे अंधारा तंबू, बाटल्या, पाणी आणि ओझी वाहणारी माणसं. आमच्या काकांना ज्या कष्टांचा अभिमान वाटतो, त्याच्या कितीतरी पट कष्ट.

पण या कष्टांनी चित्र आपोआप खरं झालं का? नाही. १८६१ मध्ये या घाटात बेचाळीस हजारांच्या घरात माणसं राबत होती. पटकीनं किती गेली त्याची नीट मोजदादही नाही. आणि ओल्या काचेला उजेड पोचायला काही सेकंद तरी लागायचे. तेवढ्यात हलणारा माणूस धूसर होतो किंवा उमटतच नाही. म्हणून त्या काळातल्या बांधकामांच्या फोटोंत माणसं दिसलीच, तर बहुधा थांबवून उभी केलेली दिसतात. घण उगारलेला मजूर किंवा डोक्यावर पाटी घेऊन चढण चढणारी बाई त्या काचेच्या पकडीत येत नव्हती. ज्यांनी डोंगर फोडला, तेच त्या तंत्रातून निसटले. आज कुणाच्याही खिशातला मोबाईल तो उगारलेला घण सहज पकडेल. तेव्हा जुनं ते सोनं म्हणताना जरा जपून.

बरं, यंत्रानं कला बिघडवली ही तक्रार तरी नवी आहे का? ज्या १८५९ मध्ये ट्रेडवेल दांपत्य इकडे आलं, त्याच वर्षी पॅरिसमध्ये बोदलेर हा कवी चित्रप्रदर्शनावर लिहिताना फोटोग्राफीवर तुटून पडला होता. त्याचा आशय असा, की ज्यांना चित्रकला जमत नाही त्या आळशांचा हा आसरा आहे. या यंत्रानं छपाईसारखं किंवा लघुलेखनासारखं निमूट चाकरी करावी, कलेत नाक खुपसू नये. म्हणजे कल्पना करा, इकडे फोटो काढणारे घामाघूम होऊन काचा धूत होते आणि तिकडे एक थोर माणूस त्यांना आळशी म्हणत होता!

पुढे १८८८ मध्ये कोडॅकनं शंभर फोटोंचा रोल भरलेली पेटीच विकायला काढली. तुम्ही फक्त बटण दाबा, उरलेलं आमच्याकडे सोपवा, असा त्यांचा सांगावा होता. तेव्हा काच धुणाऱ्यांनी बटण दाबणाऱ्यांना नावं ठेवली असतील. आणि आमच्या तरुणपणी घराघरांत जो आगफा क्लिक थ्री होता, त्यात काय होतं हो? ऊन आणि ढग अशा खुणा. ऊन असलं की उन्हावर, ढग आले की ढगावर. बारा फोटो, हे खरं. पण विचार दहादा करायचो तो पैशांपायी! काटकसर आणि कसब या दोन गोष्टी आहेत. त्या एकाच घरात राहत होत्या, म्हणून आम्हाला त्या एकच वाटल्या.

मग कसब असतं कुठे? इथे आमच्या विषयाची थोडी मदत घेऊ. पाणिनीनं वाक्यातला कर्ता कोण हे सांगताना एकच ओळख दिली आहे : जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि करण म्हणजे काम साधायला सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारं साधन. सुतार करवतीनं लाकूड कापतो. कापते करवतच, पण कुठे कापायचं, किती कापायचं, मुळात कापायचं की नाही, हे सुतार ठरवतो. करवत विजेची झाली म्हणून सुतार कर्तेपणातून उठत नाही. उद्या करवतच ठरवायला लागली की टेबल कसं हवं, तर मात्र वाक्याचा अन्वय पुन्हा लावावा लागेल.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घ्या. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता आणि विश्वास कुणाचा बसत नव्हता. मग त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण दिवसामागून दिवस करत राहिले. पडद्यावर बघता बघता बी रुजलं, कोंब आला, वेल वर चढला. ते पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. आज मोबाईलमध्ये 'टाइम लॅप्स' असं लिहिलेलं एक बटण आहे, तेवढं काम ते करतं. त्या बटणानं फाळक्यांचे दिवस वाचले असते. पण समोर बसलेल्या साशंक माणसाला काय दाखवलं म्हणजे तो हलेल, हे कुठल्या बटणात आहे? रामायण-महाभारत दाखवायची इच्छा असलेला माणूस आधी वाटाणा दाखवतो, हा निर्णय कर्त्याचा.

इथपर्यंत आम्ही त्या तरुणाच्या बाजूनं बोललो. आता काकांच्या बाजूनं बोलतो.

कारण आजचा कॅमेरा आधीच्या कॅमेऱ्यांच्या रांगेतला केवळ पुढचा कॅमेरा नाही. आधीची यंत्रं हात हलके करत होती. हे यंत्र डोळ्याच्या कामात शिरलं आहे. तुम्ही एकदा बटण दाबता, तो अनेक फोटो घेतो, त्यातले बरे भाग जुळवतो, सावलीतलं उजळतो, आभाळ गडद करतो, चेहरा ओळखून कातडी मऊ करतो. यातलं बरंचसं उपकारकच आहे. पण २०२३ च्या मार्चमध्ये इंटरनेटवर एक प्रयोग गाजला. एकानं चंद्राचा फोटो घेतला, तो लहान आणि इतका धूसर केला की डाग-विवरं काही दिसेनात. तो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला, आणि लांबून सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे तपशील उमटले! समोर जे नव्हतंच, ते आलं. कंपनीनं खुलासा केला, की कृत्रिम बुद्धिमत्ता चंद्र ओळखते आणि तपशील ठळक करते.

आता नैयायिकांना विचारा, हे ज्ञान कुठल्या जातीचं? गौतमांच्या न्यायसूत्रात प्रत्यक्षाच्या ज्या अटी आहेत, त्यातली पहिली म्हणजे इंद्रियाचा वस्तूशी संनिकर्ष, सरळ संबंध. फोटोला आपण इतकी वर्षं पुरावा मानत आलो ते याचसाठी. वस्तूवरून आलेला उजेड काचेला, फिल्मला प्रत्यक्ष शिवलेला असतो. त्या चंद्रात हा संबंध कुठे आहे? फोननं आधी हजारो चंद्र पाहिलेले आहेत, त्यांची आठवण त्यानं इथे ओतली. नैयायिक स्मृती आणि अनुभव यांना वेगळं ठेवतात. स्मृती खरी असली तरी तिला प्रमा म्हणत नाहीत. का? कारण ती आत्ता समोर काय आहे हे सांगत नाही. फोनची लबाडी, लबाडी म्हणू या, ती इतकीच की तो स्मृतीला अनुभवाचे कपडे घालून समोर उभी करतो.

आणखी एक. त्याच सूत्रावर भाष्य करताना वात्स्यायनानं एक दृष्टांत दिलाय. लांब काहीतरी वर उठताना दिसतंय. धूर आहे की धूळ, ठरत नाही. अशा वेळी प्रामाणिक माणूस म्हणतो, मला ठरवता येत नाही. जुन्या फोटोतला धूसरपणा म्हणजे कॅमेऱ्यानं दिलेली तीच कबुली होती. 'इथे मला नीट दिसलं नाही.' आजच्या यंत्राला ही कबुली द्यायला शिकवलेलंच नाही. धूर की धूळ, तो ठरवून टाकतो, आणि ठरवलं हेही सांगत नाही. ज्याला संशयच येत नाही, तो साक्षीदार म्हणून कामाचा नाही. कोर्टात बसलेले कुणी इथे असतील तर ते मान डोलावतील.

आता भिंतींकडे वळू. बोलावलंय बघायला, तेव्हा बघितलेलं सांगायला हवं. नावं घेत नाही. ज्यांचे फोटो ते ओळखतील.

दारापाशी धबधबा आहे. पाणी दुधाच्या सायीसारखं. पूर्वी यासाठी तिकाटणं लागायचं, काचेपुढे काळसर फिल्टर लागायचा. हा हातात धरलेल्या मोबाईलनं काढलाय असं खाली लिहिलंय. चित्र देखणं आहे, पण आम्हाला त्यात पावसाळ्यातला धबधबा सापडला नाही. आपल्याकडचा जुलैतला ओहोळ मातकट असतो, आवाज करतो, दगड घेऊन खाली येतो, दर वर्षी माणसंही नेतो. हा धबधबा कुठलाही असू शकतो. ज्या चित्रावरून गाव पुसलं गेलं, त्यात तंत्र कितीही असो, बघणं कमी पडलं.

डाव्या भिंतीवर लावणीचा फोटो आहे. वाकलेल्या बायका आणि हिरवं रान. ते हिरवं आम्ही दहिवलीत कधी पाहिलं नाही, आणि आम्ही इथले पंचाहत्तर पावसाळे पाहिलेत. लावणीच्या वेळी खाचर चिखलाच्या रंगाचं असतं, रोपं पिवळट, मान टाकलेली. हिरवा रंग धरायला त्यांना दिवस लागतात. फोनला वाटलं शेत म्हणजे हिरवं, त्यानं करून टाकलं. आणि कोपऱ्यात एकीच्या पाठीवरच्या निळ्या प्लास्टिकचा तुकडा तेवढा राहिलाय. बाकीचा कापलेला दिसतो. अहो, तो कापायचा कशाला? इरल्याची जागा त्या निळ्या कागदानं घेतली, हीच तर आजच्या लावणीची बातमी आहे. हे कापणं फोनचं नाही, काढणाऱ्याचं आहे. यंत्राच्या आवडीनिवडी आपल्या डोळ्यात कशा उतरतात, त्याचं हे उदाहरण.

आणि आता तो तिसरा, खांबाजवळचा. कर्जत स्टेशन, पाऊस, फलाट ओला. खिडकीतून बाहेर आलेला एक हात, त्यात सुटे पैसे. वडापाववाल्याचा हात कागदी पुडक्यासकट पुढे आलेला. दोन्हींच्या मधे वीतभर अंतर. चित्र किंचित हललंय. घाट चढवायला गाडीला मागून बँकर इंजिन लागतं, ते जोडताना डब्यांना हिसका बसतो, आणि खिडकीतला माणूस घाबरतो की गाडी सुटली! नेमका तो क्षण आहे. आम्ही मुद्दाम त्या मुलीला विचारलं. ती रोज कॉलेजला गाडीनं जाते. म्हणाली, "सर, हिसक्याच्या आधी मागून आवाज येतो, तो ओळखीचा आहे." फोन साधाच, तिच्या भावाचा जुना. हललेला म्हणून फोटो काढून टाकावा असं फोननंच सुचवलं होतं. तिनं ठेवला.

बघा, सगळं उत्तर इथे आहे. कुठे उभं राहायचं हे तिला रोजच्या प्रवासानं शिकवलं, कधी दाबायचं हे कानानं. आणि यंत्राचा सल्ला कधी मोडायचा, हे तिचं तिनं ठरवलं. ती स्वतंत्र होती, म्हणून कर्ता होती.

उभं राहण्याची जागा, ही गोष्ट तुम्ही हलकी समजू नका. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, ते कुठल्या लेन्सनं काढले हे विचारावंसं वाटत नाही. गटारात उतरलेल्या माणसाच्या इतक्या जवळ, त्याला लाजवल्याशिवाय उभं राहता येणं, हे कसब दुकानात मिळत नाही. ते त्या माणसानं तुम्हाला दिलेलं असतं.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

आमच्या आईच्या कपाळावर गोंदण होतं. हिरवट, बारीक. तिचा चांगला म्हणावा असा एकच फोटो, सत्तरच्या दशकात स्टुडिओत जाऊन काढलेला. गेल्या वर्षी पुतण्यानं प्रेमानं तो मोबाईलमधल्या कुठल्याशा अ‍ॅपमधून काढला, मोठा केला, फ्रेम करून आणला. डोळे इतके स्पष्ट, की आम्ही चरकलो. साडीचा काठ लखलखीत. घरचे सगळे खूश. आम्ही बघत राहिलो. काहीतरी चुकत होतं, कळत नव्हतं. मग कळलं. कपाळ कोरं होतं. यंत्राला तो कागदावरचा डाग वाटला असणार. जुन्या फोटोंवर डाग असतातच, आणि डाग काढणं हे त्याचं काम. त्यानं चोख केलं.

तुम्ही म्हणाल, स्टुडिओवाले तरी काय, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचेच की. फिरवायचे. आमच्या आईच्या फोटोवरही फिरली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यानं काढली होती. पण आम्हाला तो दिवस आठवतो, आम्ही सोबत गेलो होतो. मान वर न करता त्यानं विचारलं, "बाई, गोंदण ठेवू का?" आई म्हणाली, "ठेवा. माझ्या आईनं हौसेनं काढून घेतलंय."

मित्रहो, तो मोठा कलावंत नव्हता. लग्नामुंजीचे, रेशनकार्डाचे फोटो काढणारा साधा माणूस. त्याचं यंत्र आजच्यापुढे खेळणं. पण त्याला ठाऊक होतं, की आपण इथे काहीतरी पुसू शकतो, आणि म्हणून विचारायला हवं. त्या एका वाक्यात त्याचं सगळं कसब होतं. यंत्राला डाग आणि गोंदण यातला फरक उद्या कळेलही, शिकवतील कुणीतरी. तरी तो फरक कुणाचा, हे विचारायचं काम उरेलच.

म्हणून काका, मोबाईलला नावं ठेवू नका. आणि तू, बाळ, त्यानं दिलेलं पहिलंच चित्र शेवटचं मानू नकोस. मूळ फोटो जपून ठेव. हललेला, डाग पडलेला, धूर की धूळ न कळणारा. आईची ती फ्रेम आम्ही भिंतीवरून काढली नाही, पुतण्याचं मन मोडवत नाही. पण जुना फोटो शेजारी लावलाय. कुणी विचारलं, दोन कशाला, की आम्ही म्हणतो, हा दिसतो छान. आई मात्र ती, तिकडची.